कोठीतला लाल्या

गावंडे सर नळाला हात लावल्याशिवाय कम्प्युटरला हात लावत नसत. अंगणातल्या लोखंडी नळाला तळवा टेकवायचा, क्षणभर थांबायचं आणि मग आत जायचं. अंगातली वीज जमिनीत सोडून द्यायची, नाहीतर बोटातून ठिणगी उडते आणि नाजूक पार्ट मरतो, असं त्यामागचं शास्त्र. पण अकोल्याच्या जठारपेठेतल्या आमच्या गल्लीला ते कोण सांगणार? शेजारच्या एका म्हातारीने तो नळ जागृत ठरवून त्याला हळदीकुंकू वाहिलं. पुढे तिच्या नातवाला नोकरी लागली. ती नळामुळेच लागली, हे मी गल्लीभर पसरवलं आणि आजही तिथे तसंच मानतात.

माझा धंदा मंडप आणि लाऊडस्पीकरचा. बारीक आवाज मोठा करून ऐकवायचा, ही सवय तोंडालाही लागली आहे. सरांबद्दल बोलताना मात्र उलटं होतं. बटण खाली फिरवावं लागतं.

सर यंदा वैशाखात गेले.

ते अकोटच्या एका शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. जठारपेठेतून रोज एसटीने जायचे-यायचे. घरचे मूळचे शेतकरी, अकोटकडेच काळी जमीन, लहानपण बैलांच्या पाठीवर गेलेलं. भावांनी ट्रॅक्टर घेतला तेव्हा बैलजोडी बाजारात गेली. त्यांच्या शाळेतली पोरं सांगायची की त्या वर्षी 'माझे घर' असो की 'जत्रा' असो, सर फळ्यावर कोपऱ्यात बैल काढायचेच. पुढे कम्प्युटरचं खूळ आलं आणि फळ्यावरचे बैल थांबले. त्यांना नवा गोठा सापडला होता.

तयार कम्प्युटर त्यांनी कधी घेतला नाही. तुकडे आणायचे, घरी जोडायचे. मी टेम्पो घेऊन सोबत जायचो, कारण त्या दुकानातला तमाशा मला तिकीट काढूनही पाहिला असता. कॅबिनेट, म्हणजे ज्या पत्र्याच्या खोक्यात सगळं बसतं ते, सर बैलबाजारातल्यासारखं बघायचे. चारी बाजूंनी फिरायचे. बोटाच्या पेराने ठोकून आवाज ऐकायचे. प्रोसेसरचे दात मोजायचे. मी तर म्हणतो, शेपूट असती तर पिळूनही पाहिली असती.

"सर, हा घ्या ना," दुकानदार म्हणायचा. "कंपनीचा आहे. पॅकबंद."

"पॅकबंद मी टरबूजही नाई घेत. ठोकून पायतो."

"काही बिघडलं तर कंपनी पूर्ण बदलून देते."

"तेच तं नको आहे मले. ज्याचं बिघडलं त्याचं बदला. बाकीच्याइनं तुमचं काय केलं?"

आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "तुकडा बदलता आला पायजे, भाऊ." हे ते कम्प्युटरबद्दल म्हणायचे, चपलेच्या अंगठ्याबद्दल म्हणायचे, छत्रीच्या काडीबद्दल म्हणायचे. एकदा गल्लीतल्या नवरा-बायकोचं भांडण सोडवताना म्हणाले, तेव्हा तो नवरा फारच आशेने त्यांच्याकडे बघायला लागला होता.

त्यांचा पहिला कम्प्युटर चांद्या. प्रत्येकाला ते बैलाचं नाव द्यायचे. चांद्या मेला तो सरांच्या मायेने. अकोल्याचं ऊन मी काही वर्णन करत बसत नाही, कारण खरं सांगितलं तरी लोक माझं नाव बघून निम्मं कमी करतात. तर त्या उन्हाळ्यात चांद्या तापून बंद पडायला लागला. सरांनी काय करावं? खोलीत एकच कूलर, लोखंडी, खसाच्या तट्ट्यांचा, सुरू झाला की मळणीयंत्रासारखा गर्जणारा. त्यासमोर घरोघरी माणसं झोपतात. गावंडे सरांकडे त्याच्यासमोर चांद्याला बांधला आणि बिचाऱ्या वहिनी गच्चीवर गेल्या. महिनाभर चांद्याने गार वारा खाल्ला. पण आमच्या बोअरचं पाणी खारं. त्या वाऱ्यातून खार आत जात राहिला, आणि सरांनी झाकण उघडलं तेव्हा आतल्या हिरव्या बोर्डावर पांढरी बुरशी चढल्यासारखं मीठ जमलेलं.

वहिनी दारातून म्हणाल्या, "लोणचं घातलं वाटते तुमी त्याचं."

सर जुन्या टूथब्रशने ते मीठ बराच वेळ झाडत बसले. चांद्या काही उठला नाही.

आता वहिनींबद्दल सांगायला हवं. कमलवहिनी. माहेरच्या माळी, फुला-भाजीच्या मळ्यात वाढलेल्या. मोटेवरून बांधापर्यंत हाक मारायची सवय, त्यामुळे आवाज असा, की माझे लाऊडस्पीकर मला लाज वाटून झाकून ठेवावेसे वाटत. गुरुकुंज मोझरीला भजनाला गेल्या की मंडळी त्यांच्यापुढे माइक ठेवत नसत. संध्याकाळी त्या सरांना जेवायला हाक मारायच्या, "जेवाले चला वो!" त्या हाकेने अकोटला निघालेली एसटी थांबली होती, ड्रायव्हरला वाटलं आपल्यालाच बोलावलं. सर मात्र थांबत नसत. स्क्रूड्रायव्हर कानावर, चष्मा डोक्यावर, तोंडातून एकच शब्द: "आलो." आणि हलायचे नाहीत. भाजी गार व्हायची, वरणावर साय धरायची, 'आलो' तिथल्या तिथे.

वर्षातून एक दिवस मात्र दोघांचं जमायचं. पोळ्याचा आदला दिवस. आमच्याकडे त्याला खांदशेकणी म्हणतात. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा दुखतो, त्याला ऊन पाणी, हळद, लोणी लावून पळसाच्या पानांनी शेकायचं, आणि मग बैलाला दुसऱ्या दिवशीच्या पुरणपोळीचं आमंत्रण द्यायचं. सरांकडे बैल नव्हते. ते त्या दिवशी कम्प्युटर खोलायचे. धूळ काढायची. प्रोसेसर तापतो म्हणून त्याच्या डोक्यावर पंखा बसवलेला असतो, आणि दोहोंच्या मध्ये एक पांढरी पेस्ट असते. ती वाळली की उष्णता वर चढत नाही. जुनी पेस्ट पुसून सर नवी लावायचे, अंगठ्याने, हलक्या हाताने, जसं लोणीच चोळताहेत. मग कॅबिनेटच्या कपाळाला हळदीचं बोट. आणि स्वयंपाकघरातून, पदराला हात पुसत, वहिनी येऊन म्हणायच्या, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." त्यांच्या माहेरी हे बायाच म्हणायच्या. एरवी त्या यंत्रांना 'सवत' म्हणायच्या, पण त्या दिवशी आवतण ठणठणीत द्यायच्या. आणि दुसऱ्या दिवशी, पोळ्याला, ती मशीन सुरू करायची नाही. बैलाला सुट्टी, तशी तिलाही.

मग एके वर्षी वहिनींचा आवाज बसला. आधी काढे झाले, मग हळद-दूध, मग आमच्याकडचे सगळे सल्ले. आवाज उठला नाही. मी दोघांना गाडीत घालून अमरावतीला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. नंतर थोडाफार आवाज काढायचे उपाय असतात, पण तो यांचा आवाज नसेल.

सर खुर्चीच्या टोकावर बसले होते. त्यांनी विचारलं, "याचा स्पेअर नाई भेटत का, साहेब?"

मी आयुष्यात पुष्कळ ठिकाणी नको तिथे हसलो आहे. तिथे हसलो नाही. डॉक्टरही हसले नाहीत, त्याबद्दल त्या माणसाला मी आजही मानतो. ते एवढंच म्हणाले, "नाही सर. याचा नाही मिळत."

अमरावतीहून अकोल्यापर्यंत वहिनी बोलत होत्या. बसक्या, फाटक्या आवाजात. शेतातला कापूस, कोणाची सून, ढाब्यावरचा चहा कसा पांचट, सगळं. आणि ज्या माणसाने जन्मभर 'आलो' सोडून दुसरं उत्तर दिलं नव्हतं, तो मागच्या सीटवर त्यांच्याकडे तोंड करून बसला होता आणि प्रत्येक वाक्याला "हो" म्हणत होता.

ऑपरेशनची तारीख मिळाली होती. हाती थोडे दिवस होते. सर दुसऱ्या सकाळी माझ्या दारात.

"दिलीपभाऊ, तुमचा चांगला माइक पायजे."

"भजन आहे का?"

"कमलचा आवाज भरून ठेवतो. शब्द, वाक्यं, जे रोजचं लागते ते. मंग एकेका बटणावर एकेक वाक्य बांधतो. ती बटण दाबन, आवाज तिचा येईन."

मी म्हटलं, "सर, मोबाइलवर घ्या ना. दोन मिनिटांचं काम."

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जशी काही मी भर चौकात त्यांच्या कानफटात मारली असावी. "मोबाइल आज आहे, उद्या फुगून मरते. उघडता येत नाई, बदलता येत नाई. तिचा आवाज मी मरणाऱ्या डब्यात ठेवू का?"

आणि ते तुकडे आणायला निघाले. त्या दिवशी दुकानात त्यांनी काहीच ठोकून पाहिलं नाही, फक्त प्रत्येक तुकडा दोन-दोन घेतला. दुकानदारही त्या दिवशी पॅकबंद म्हणाला नाही. मशीन उभी राहिली. सरांनी तिला तांबडा रंग दिला. नाव लाल्या. मोठे, सावकाश फिरणारे, मुके पंखे बसवले. पिंपळपानही जास्त आवाज करतं, असे.

सकाळी गल्लीत भाजीच्या गाड्या आणि शाळेच्या रिक्षा. रेकॉर्डिंग दुपारीच शक्य, जेव्हा उन्हाच्या धाकाने गल्ली झोपते. मी दारा-खिडक्यांना माझ्या मंडपाच्या कनाती आणि घरच्या गोधड्या बांधल्या. कूलर बंद, कारण त्याच्या गर्जनेत वहिनी कशा ऐकू येणार? पंखाही बंद. खोलीची भट्टी झाली. वहिनी माइकपुढे बसल्या, गळ्याभोवती ओला पंचा.

सर म्हणाले, "पयलं वाक्य म्हण. मले पाणी पायजे."

"पाणी पायजे असन तं मी उठून घेईन. माझा गळा जाऊन राहिला, पाय नाई."

"मंग काय भरू?"

"लिवू नका, नुसते ऐका. चष्मा डोक्यावर आहे तुमच्या. हे पयले घ्या. रोज लागते."

आणि मग त्या एकामागून एक म्हणत गेल्या. गोळी घेतली का. दार लोटा, मांजर येते. उघड्या अंगानं नळाजवळ जाऊ नका, बायका पायतात. जेवाले चला वो. मधेच माझ्याकडे बोट करून, "दिलीपभाऊ, थापा नका मारू." दमल्या की घोटभर पाणी. पुन्हा. आवाज चिरत होता पण त्यांचाच होता.

आणि लाल्या बंद पडला. खट्ट. पडदा काळा.

मुके पंखे त्या भट्टीत कमी पडले होते. सरांनी घाईने सुरू केला. काहीच नव्हतं. मधून मधून सेव्ह करायचं असतं, ते सरांनी एकदाही केलं नव्हतं. विसरले नव्हते, ऐकत बसले होते. मी स्वतः पाहिलं होतं. हात माउसवर आणि डोळे वहिनींच्या तोंडावर.

वहिनींनी पुन्हा म्हणून पाहिलं. नुसती हवा आली. त्या दिवसापुरता आवाज संपला होता, आणि दिवस किती उरले होते ते तिघांनाही ठाऊक होतं.

सर अंगणात जाऊन नळाला हात लावून उभे राहिले. फार वेळ. उन्हात तो नळ असा तापलेला, की भाकर भाजली असती. त्यांनी हात काढला नाही. शेवटी मी जाऊन काढला.

परत आलो तर वहिनी खोलीत नव्हत्या. घराच्या उत्तरेला, जिन्याखाली, एक अंधारी कोठी होती. त्यात वर्षाचे गहू, तूर आणि लोणच्याच्या बरण्या. घरातली सगळ्यात गार आणि कोरडी जागा. तिथे सरांना पाय ठेवायला बंदी होती. तेलकट बोटांनी लोणचं नासतं म्हणे. वहिनी एकेक बरणी उचलून बाहेर ओट्यावर मांडत होत्या. सर बघत राहिले. वहिनींनी कोठीच्या रिकाम्या फळीवर थाप मारली आणि जो काही आवाज उरला होता त्यात म्हणाल्या, "माझ्या सवतीले आणा अठी. वायर तिकडं घ्या."

इतकं सोपं होतं. यंत्र गार कोठीत, माइक गरम खोलीत, मधे भिंतीतून भोक. सरांना सुचलं नसतं असं नाही. पण त्या कोठीत शिरायचा विचार त्यांच्या मनाला शिवणंच शक्य नव्हतं, आणि लोणच्याच्या बरण्या हलवणारी बाई जगात एकच होती.

पुढच्या दुपारी सगळं पुन्हा. दर वाक्याला सर कोठीत जाऊन, सेव्ह करून, परत येऊन दारात उभे राहायचे आणि मान हलवायचे. वहिनींचा दम सरत आला तेव्हा सर म्हणाले, "बस झालं आता."

वहिनींनी मान हलवली. पाणी प्यायल्या. आणि म्हणाल्या, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."

"अवं, ते सालातून एकदा लागते. कायले दम घालवते?"

"सालातून एकदा लागते म्हणूनच," वहिनी म्हणाल्या.

ते त्यांचं शेवटचं भरलेलं वाक्य.

ऑपरेशन नीट पार पडलं. वहिनी घरी आल्या त्या गळ्याला पांढरा रुमाल बांधून. सरांनी कीबोर्डच्या बटणांवर बारीक कुंचल्याने चित्रं काढून ठेवली होती. चष्म्याचं बटण. गोळीचं. मांजराचं. ताटाचं. माझ्या वाक्याच्या बटणावर भोंगा. आणि एका कोपऱ्यातल्या बटणावर दोन शिंगं. फळ्यावरचा बैल पुन्हा आला होता, नखाएवढा होऊन.

संध्याकाळी वहिनींनी ताटाचं बटण दाबलं. माझ्या स्पीकरमधून आवाज आला, "जेवाले चला वो!" बसका, चिरका, पण कमलवहिनींचा. गल्लीतल्या बायका दारात आल्या. आणि गावंडे सर पहिल्या हाकेला उठले. कानावरचा स्क्रूड्रायव्हर न काढता पाटावर जाऊन बसले. त्या दिवसापासून भाजी कधी गार झाली नाही. लग्नाला इतकी वर्षं झालेला माणूस पहिल्या हाकेला उठतो, हे मी सांगतो तेव्हा लोकांना ती माझी सगळ्यात मोठी थाप वाटते.

मी त्यांच्याकडे जाऊन काही वाढवून सांगायला लागलो, की भोंग्याचं बटण वाजायचं. मीही मुद्दाम वाढवून सांगायचो. तेवढ्यासाठीच.

सर गेल्यावर तेरवीला माणसं जमली होती. मी ओट्यावर बसून सांगत होतो, की सरांना काहीसुद्धा त्रास झाला नाही, झोपेत हसत गेले. आतून आवाज आला, "दिलीपभाऊ, थापा नका मारू." मी वाक्य तिथेच सोडलं. कारण सर हसत गेले नव्हते, दोन दिवस श्वासासाठी झगडून गेले होते, आणि त्यांच्या उशाशी वहिनी एकट्या बसलेल्या होत्या.

परवा लाल्याने कुरकुर केली. पंखा अडकत होता. वहिनींनी मला बोलावलं आणि कोठीत नेलं. फळीवर त्यांच्याच लोणच्याच्या बरण्या, धुऊन, उन्हात वाळवून ठेवलेल्या. एकीत पंखे. एकीत वायरी. एकीत त्या दिवशी दोन-दोन घेतलेल्या तुकड्यांतला दुसरा तुकडा. पेस्टच्या ट्यूब कापडात गुंडाळून. माझे हात खांब रोवायचे, पण मी अंगणात जाऊन आधी नळाला हात लावला. पंखा बदलला. लाल्या उठला. वहिनींनी लगेच चष्म्याचं बटण दाबून पाहिलं, वाजतं की नाही. वाजलं. मी उगाच स्वतःचं डोकं चाचपलं.

सरांना मी शेवटी शेवटी पुष्कळदा पाहिलं, दवाखान्यात, नळ्यांत. पण ते पाहणं मी धरत नाही. मी धरतो ती गेल्या वर्षीची खांदशेकणी.

सर जमिनीवर फतकल मारून बसले होते, लाल्या मांडीशी आडवा, कूस उघडी. तेव्हाच त्यांना धाप लागायला लागली होती. पेस्ट लावताना त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं होतं. पंखा बसवला. झाकण लावलं. शेवटचा स्क्रू घट्ट करून त्यांनी लाल्याला उभा केला, हळदीचं बोट टेकवलं, आणि कोठीच्या दारातून वायरी ओढून घेऊन सुरू केला. पंखे मुकाट फिरायला लागले.

वहिनी खुर्चीवर होत्या. पदराला हात पुसले, जसे पूर्वी स्वयंपाकघरातून येताना पुसायच्या. आणि कोपऱ्यातलं शिंगांचं बटण दाबलं.

"आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."

लाल्याने काय उत्तर द्यावं? सर चष्मा डोक्यावर ठेवून तसेच बसले होते, हळदीचं बोट हवेत. मग गुडघ्यावर हात रेटून ते उठायला लागले. मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. भिंतीला धरून, श्वास गोळा करून, ते पुरते उभे राहिले, वहिनींकडे तोंड करून.

"आलो," सर म्हणाले.